एकाच गोलार्धाची तीन क्षेत्रफळे

स्किझोफ्रेनियाचे ४० रुग्ण आणि तितक्याच निरोगी व्यक्ती यांच्या टी-१ प्रकारच्या एमआरआय प्रतिमा फ्रीसर्फर या मेंदूची मोजमापे काढणाऱ्या आज्ञावलीतून काढून तुम्ही कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या करड्या थराच्या, क्षेत्रफळाची तुलना करीत आहात, आणि एकाच व्यक्तीच्या डाव्या गोलार्धाचे एकूण क्षेत्रफळ तीन ठिकाणी तीन वेगळे येते अशी तुमची अडचण आहे. फ्रीसर्फर तयार करते त्या स्टॅट्स तक्त्याच्या शीर्षभागात एक आकडा आहे. पियल, म्हणजे कॉर्टेक्सच्या बाहेरच्या, पृष्ठभागावरच्या सर्व बिंदूंच्या क्षेत्रफळांची बेरीज केली की दुसरा येतो. आणि प्रत्येक बिंदूचा आकडा सर्वांत जवळच्या शेजाऱ्याच्या नियमाने एफएसअ‍ॅव्हरेज या सामायिक साच्यावर नेऊन बेरीज केली की तिसरा. यांतला खरा कोणता, तुलना कशावर करावी आणि मेंदूच्या आकारमानाने भागावे काय, असे तुमचे प्रश्न आहेत. पहिले दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण ते दोन निरनिराळ्या पृष्ठभागांचे आहेत. तिसरा ज्या रीतीने काढला आहे ती रीतच क्षेत्रफळाला लागू पडत नाही. आणि भागाकार करू नये.

फ्रीसर्फरची पद्धत अँडर्स डेल, ब्रूस फिशल आणि मार्टिन सेरेनो यांनी १९९९ साली मांडली. तिच्यात आधी करडा भाग आणि पांढरा भाग यांच्या सीमेवर त्रिकोणांची एक बंद जाळी बसवली जाते. तिला व्हाइट पृष्ठभाग म्हणतात. मग तीच जाळी बाहेरच्या दिशेने, करडा भाग जिथे संपून मेंदूभोवतीचा द्रव सुरू होतो त्या सीमेपर्यंत सरकवली जाते, आणि ती पियल पृष्ठभाग होते. दोन्ही जाळ्यांत बिंदू तेच आणि त्रिकोणही तेच असतात, फक्त त्यांच्या जागा बदललेल्या असतात. प्रत्येक त्रिकोणाचे क्षेत्रफळ शाळेतल्या भूमितीने निघते. ते तीन समान भागांत त्याच्या तीन शिरोबिंदूंना वाटून दिले, आणि एका बिंदूला सगळ्या शेजारच्या त्रिकोणांकडून मिळालेले वाटे एकत्र केले, की त्या बिंदूचे क्षेत्रफळ तयार होते. एका गोलार्धात असे लाखाहून अधिक बिंदू असतात आणि त्यांच्या फायलीची बेरीज म्हणजे गोलार्धाचे एकूण क्षेत्रफळ.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. एखाद्या बिंदूपाशी कॉर्टेक्सची जाडी २.५ मिलिमीटर आहे असे आपण म्हणतो तेव्हा ते त्या जागेचे वर्णन असते, आणि जाळी दुप्पट दाट केली तरी ते बदलत नाही. त्या बिंदूचे क्षेत्रफळ ०.६ चौरस मिलिमीटर आहे असे म्हणतो तेव्हा मात्र ते जागेचे वर्णन नसून हिशेबातला वाटा असतो. जाळी दाट केली की वाटेकरी वाढतात आणि प्रत्येकाचा वाटा कमी होतो. टिकून राहते ती बेरीज. जाडी सरासरीने समजते, तर क्षेत्रफळ बेरजेनेच समजते. बहुतेक गोंधळ क्षेत्रफळाला जाडीसारखे वागवल्यामुळे होतात.

आता कोणता पृष्ठभाग घ्यावा ते पाहू. तक्त्यातले क्षेत्रफळ, म्हणजे शीर्षभागातली एकूण बेरीज आणि प्रत्येक प्रदेशापुढचा रकाना, ही दोन्ही व्हाइट पृष्ठभागावरची मोजमापे आहेत. एलएच.एरिया (एलएच म्हणजे डावा गोलार्ध) या फायलीतही तेच असते, तर एलएच.एरिया.पियल मध्ये पियल पृष्ठभागाचे आणि एलएच.एरिया.मिड मध्ये दोहोंच्या मधल्या पृष्ठभागाचे. प्रौढ माणसाच्या एका गोलार्धाचे व्हाइट क्षेत्रफळ साधारण ८० ते ९५ हजार चौरस मिलिमीटरच्या घरात येते आणि पियल क्षेत्रफळ त्याहून बरेच मोठे, बहुधा लाखाच्या वर जाते. तुमच्या पहिल्या दोन आकड्यांमधला फरक एवढाच आहे आणि त्यात बिघाड काहीही नाही.

पण हा फरक कुठून येतो हे पाहण्याजोगे आहे. वळीच्या, म्हणजे घडीच्या उंचवट्याच्या, माथ्यावर बाहेरचा पृष्ठभाग आतल्यापेक्षा ताणलेला असतो, आणि खाचेच्या तळाशी उलट, बाहेरचा आक्रसलेला आणि आतला पसरलेला असतो. म्हणजे व्हाइट पृष्ठभाग खाचांना झुकते माप देतो आणि पियल पृष्ठभाग वळ्यांना. एखादा बंद पृष्ठभाग स्वतःला समांतर राहून ठरावीक अंतर बाहेर सरकला तर नव्या क्षेत्रफळात तीन पदे येतात: मूळ क्षेत्रफळ, अंतराची दुप्पट गुणिले एकूण सरासरी वक्रता, आणि अंतराचा वर्ग गुणिले एकूण गाउस वक्रता. गोलासारख्या बंद पृष्ठभागासाठी, तो कितीही सुरकुतलेला असला तरी, एकूण गाउस वक्रता ४π इतकीच असते. त्यामुळे अंतर २.५ मिलिमीटर धरले तर शेवटचे पद जेमतेम ७९ चौरस मिलिमीटर होते आणि लाखाच्या हिशेबात ते सोडून देता येते. मधले पद मात्र मोठे असते आणि त्यात जाडी थेट गुणक म्हणून बसलेली असते. कॉर्टेक्सची जाडी सर्वत्र सारखी नसल्याने हे सूत्र त्याला तंतोतंत लागू नाही, पण त्यातून निघणारा निष्कर्ष लागू आहे: दोन गटांत जाडी वेगळी असेल तर पियल क्षेत्रफळ केवळ त्या कारणानेही वेगळे येईल. स्किझोफ्रेनियात कॉर्टेक्स पातळ आढळतो हे माहीत असताना पियल क्षेत्रफळावर तुलना करणे म्हणजे जाडीचाच फरक दुसऱ्या नावाने पुन्हा मोजणे होय. म्हणून तुमच्या कामासाठी व्हाइट पृष्ठभाग घ्यावा असे माझे मत आहे.

व्हाइट पृष्ठभागही निर्दोष नाही. त्याची सीमा टी-१ प्रतिमेतल्या उजेड-अंधाराच्या फरकावर ठरते, आणि तो फरक मायलिनवर, म्हणजे मज्जातंतूंभोवतीच्या स्निग्ध आवरणावर, अवलंबून असतो. लहान मुलांत आणि किशोरांत मायलिन वाढत असताना ही सीमा ऊतींची रचना न बदलताही थोडी सरकू शकते. वाढीच्या वयातल्या अभ्यासांत हे डोक्यात ठेवावेच लागते. प्रौढांच्या दोन गटांत त्याची धास्ती कमी असते. मधला पृष्ठभाग वळ्या आणि खाचा यांच्यातला पक्षपात बराच कमी करतो, आणि मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा काढणाऱ्या ह्यूमन कनेक्टोम प्रकल्पाच्या पद्धतीत तोच वापरण्याची वहिवाट आहे. तो वापरायला हरकत नाही, मात्र एका लेखातले मधल्या पृष्ठभागाचे आकडे दुसऱ्या लेखातल्या व्हाइट आकड्यांशेजारी ठेवून तुलना करू नये.

एकूण बेरजेबद्दल आणखी एक बारीक बाब आहे. जाळी बंद असावी लागते, म्हणून गोलार्धाच्या आतल्या बाजूला, जिथे कॉर्पस कॅलोसम (दोन गोलार्धांना जोडणारा तंतूंचा पट्टा) आणि मेंदूचा मध्यभाग जोडलेला असतो, तिथेही त्रिकोण असतात, पण तिथे कॉर्टेक्स नसतो. संपूर्ण फायलीची बेरीज केली तर हा मधल्या भिंतीचा तुकडाही मोजला जातो, तर तक्त्यात कॉर्टेक्सचे लेबल लावून तो वगळलेला असतो. तुमच्या पियल बेरजेत तो आत आलेला असणार, असा माझा अंदाज आहे. लेबल लावून पुन्हा बेरीज करून पाहा.

आता तिसरा आकडा. त्यासाठी आधी एक उदाहरण घेऊ. २०१४ च्या १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेचे आकडे या नव्या नकाशावर न्यायचे असतील तर जुन्या ठाण्याचे सरासरी तापमान दोन्ही नव्या जिल्ह्यांना जसेच्या तसे दिले तर फारसे बिघडत नाही, पण जुन्या ठाण्याची १ कोटी १० लाखांची लोकसंख्या दोन्हीकडे जशीच्या तशी लिहिली तर माणसे दुप्पट होतात. ती वाटूनच द्यावी लागते. जाडी तापमानासारखी वागते आणि क्षेत्रफळ लोकसंख्येसारखे. ही उपमा मी ओढूनताणून आणलेली नाही. बेरीज अबाधित ठेवून आकडे एका विभागणीवरून दुसऱ्या विभागणीवर नेण्याची रीत भूगोलज्ञ वॉल्डो टोबलर यांनी १९७९ साली नेमक्या याच गरजेपोटी मांडली होती, आणि अँडरसन विंकलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली तोच विचार कॉर्टेक्सच्या क्षेत्रफळाला लावून दाखवला.

एफएसअ‍ॅव्हरेजच्या प्रत्येक गोलार्धात १,६३,८४२ बिंदू आहेत आणि तुमच्या व्यक्तीच्या जाळीत त्याहून वेगळी संख्या आहे. जवळच्या शेजाऱ्याच्या नियमाने तुमचा एक बिंदू साच्यावरच्या दोन-तीन बिंदूंना आपला पूर्ण आकडा देऊन बसतो, आणि दुसरा एखादा बिंदू कुणाचाच शेजारी न ठरल्याने हिशेबातून गळतो. म्हणून बेरीज बदलते, आणि ती व्यक्तीगणिक वेगळ्या प्रमाणात बदलते, हे अधिक वाईट. फ्रीसर्फरमध्ये यावर उपाय आहे: एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर नेण्याच्या आज्ञेला जेकोबियन दुरुस्तीचा (पृष्ठभाग जितका ताणला वा आक्रसला त्या प्रमाणात आकडा बदलण्याचा) पर्याय जोडला की आकडे वाटून दिले जातात. एमआरआयएस-प्रीप्रॉक या आज्ञेला मोजमाप म्हणून क्षेत्रफळ सांगितले तर ही दुरुस्ती आपोआप चालू होते. तुम्ही आकडे हाताने नेले म्हणून ती राहून गेली. दुरुस्तीनंतर प्रत्येक व्यक्तीची मूळ बेरीज आणि साच्यावरची बेरीज शेजारी मांडून पाहावी. गुळगुळीत करण्याआधी आणि मुखवटा लावण्याआधी त्या जवळजवळ जुळल्या पाहिजेत. ही पडताळणी सोपी आहे, तरी फार थोडे लोक ती करतात, याचे मला नेहमीच नवल वाटते.

याच टप्प्यावर आणखी दोन फसव्या जागा आहेत. एक, जेकोबियन-व्हाइट नावाची एक फाइल प्रत्येक व्यक्तीच्या फोल्डरमध्ये असते आणि नावावरून ती हवी तीच वाटते. पण ती साच्याशी जुळवण्यासाठी पृष्ठभाग किती ताणावा किंवा आक्रसावा लागला ते सांगते, क्षेत्रफळ सांगत नाही. दुसरी, साच्याच्या स्वतःच्या क्षेत्रफळाची. एफएसअ‍ॅव्हरेज ४० व्यक्तींच्या पृष्ठभागांच्या निर्देशांकांची सरासरी काढून बनलेला आहे, आणि सरासरीत घड्यांचे बारकावे पुसले जातात. त्यामुळे त्याच्या डाव्या गोलार्धाची जाळी थेट मोजली तर सुमारे ६५४ चौरस सेंटिमीटर भरते, तर ज्या व्यक्तींपासून तो बनला त्यांच्या क्षेत्रफळाची सरासरी म्हणून प्रणालीत ८२२ चौरस सेंटिमीटर हा आकडा वेगळा नोंदवून ठेवलेला आहे. साच्यावर आढळलेल्या एखाद्या समूहाचे क्षेत्रफळ लेखात देताना ते कोणत्या हिशेबाने आले आहे हे पाहिले नाही तर वीस टक्क्यांची तफावत सहज पडते.

बिंदूवार नकाशाचा अर्थ लावतानाही हात आखडता घ्यावा. साच्यावरच्या एखाद्या जागी रुग्णांचे क्षेत्रफळ कमी आहे, याचा अर्थ असा की साच्यावरच्या तेवढ्या तुकड्याशी जुळणारा त्यांचा तुकडा लहान आहे. आणि जुळणी घड्यांच्या आकृतिबंधावरून झालेली असते. जुळवणी किती सैल वा किती कडक ठेवली यावर नकाशातली स्थानिक चढउतार बदलते. प्रदेशवार तक्त्यांनाही हेच लागू आहे. कॉर्टेक्सचे प्रदेश पाडणाऱ्या डेसिकन-किलियानी नकाशात एका गोलार्धाचे ३४ प्रदेश आहेत, डेस्ट्रियूच्या नकाशात ७४, आणि दोन्हीतल्या सीमा घड्यांवरून आखलेल्या आहेत, पेशींच्या रचनेवरून नव्हे. प्राथमिक दृष्टीक्षेत्राचे आकारमान निरोगी माणसांत दुपटीहूनही अधिक बदलते. असा फरक घड्यांवर आखलेल्या प्रदेशाच्या तक्त्यात पूर्ण उतरेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

आकारमानाने भागण्याचा प्रश्न राहिला. एकाच आकाराच्या वस्तू लहानमोठ्या केल्या तर क्षेत्रफळ घनफळाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते, पण माणसाचा कॉर्टेक्स त्याहून वेगाने वाढतो, कारण मोठ्या मेंदूत घड्याही अधिक असतात. रॉबेर्तो तोरो यांच्या गटाने २००८ साली हे माणसांच्या मेंदूच्या प्रतिमांवर दाखवले. तरीही घात एकापेक्षा कमीच राहतो, म्हणून क्षेत्रफळाला कवटीच्या आतील घनफळाने सरळ भागले तर मोठ्या मेंदूच्या माणसांचे गुणोत्तर पद्धतशीरपणे लहान येते. तुमच्या दोन गटांत स्त्री-पुरुषांचे प्रमाण वेगळे असेल तर तो फरक आजाराचा म्हणून छापला जाईल. त्याऐवजी कवटीच्या आतील घनफळाचा अंदाज सांख्यिकी प्रतिमानात सहचल (हिशेबात सोबत घेतलेली राशी) म्हणून घालावा, आणि शक्य असल्यास दोन्ही राशींचे लॉगरिदम घ्यावे, म्हणजे घात विदाच ठरवील. बिंदूवार क्षेत्रफळाचे वितरण उजवीकडे झुकलेले असते, त्यासाठीही लॉगरिदम उपयोगी पडतो, आणि सार्थता ठरवण्यासाठी क्रमपालट चाचणी (गटांची नावे पुन्हा पुन्हा अदलाबदल करून पाहणारी) वापरावी, हे विंकलर यांचे म्हणणे मला पटते.

एकूण क्षेत्रफळच सहचल म्हणून घातले तर प्रश्न पूर्ण बदलतो, आणि तुमच्या विषयात त्याचे महत्त्व विशेष आहे. एनिग्मा या अनेक देशांतल्या संशोधकांच्या संघाने २०१८ साली स्किझोफ्रेनियाच्या ४,४७४ रुग्णांची तुलना ५,०९८ निरोगी व्यक्तींशी केली. त्यात कॉर्टेक्सच्या जाडीतला फरक कोहेनच्या डी मापाने (गटांच्या सरासरींतला फरक भागिले प्रमाण विचलन) डाव्या गोलार्धात सुमारे उणे ०.५३ आला, तर क्षेत्रफळातला सुमारे उणे ०.२५. शिवाय जाडीतले प्रादेशिक फरक एकूण जाडी हिशेबात घेतल्यावरही टिकले, पण क्षेत्रफळातली घट सर्वत्र पसरलेली दिसली. म्हणजे एकूण क्षेत्रफळ सहचल केल्यावर तुमच्या नकाशात काहीच उरले नाही तर ते अपयश नसून अपेक्षित उत्तर आहे. आणि आता जरा कटू बोलतो: ०.२५ एवढा परिणाम ८० टक्के खात्रीने पकडण्यासाठी नेहमीच्या पाच टक्के पातळीवर प्रत्येक गटात सुमारे २५० माणसे लागतात. तुमच्याकडे ४० आहेत. क्षेत्रफळ हे मुख्य मोजमाप ठेवून हा अभ्यास उभा राहणार नाही. जाडी मुख्य ठेवा आणि क्षेत्रफळ दुय्यम म्हणून, विश्वास-अंतरासह नोंदवा.

दोन्ही वेगवेगळी नोंदवावीत, त्यांच्या गुणाकारातून येणाऱ्या घनफळात मिसळू नयेत, हे मात्र आग्रहाने सांगतो. पास्को राकिच यांनी १९८८ साली मांडलेल्या कल्पनेनुसार क्षेत्रफळ गर्भावस्थेत तयार झालेल्या उभ्या स्तंभांच्या संख्येशी आणि जाडी प्रत्येक स्तंभातल्या पेशींशी निगडित असते. जुळ्यांच्या अभ्यासातून २००९ साली मॅथ्यू पॅनिझन व सहकाऱ्यांनी दाखवले की दोन्ही राशी आनुवंशिक आहेत पण त्यांच्यामागची जनुकीय कारणे बव्हंशी निराळी आहेत. आणि २०२० साली एनिग्माच्या ५१,६६५ व्यक्तींच्या अभ्यासात एकूण क्षेत्रफळातल्या तफावतीपैकी सुमारे ३४ टक्के, तर सरासरी जाडीतल्या तफावतीपैकी सुमारे २६ टक्के तफावत सामान्य जनुकीय भेदांशी जोडता आली. यावरून एखाद्या रुग्णाच्या प्रतिमेत स्तंभ कमी आहेत असे लिहिण्याचा मोह होतो, पण एमआरआयला स्तंभ दिसत नाहीत.

विदेच्या प्रतीबद्दल थोडक्यात. दोन यंत्रांच्या मापनपट्टीत प्रत्येक दिशेने एक टक्क्याचा फरक असेल तर क्षेत्रफळात तो दोन टक्के आणि घनफळात तीन टक्के होतो, म्हणून मधेच यंत्र बदलले असेल किंवा यंत्राच्या चुंबकीय ग्रेडियंटमुळे येणारी विकृती दुरुस्त केलेली नसेल तर ते प्रतिमानात यायलाच हवे. सगळ्या व्यक्ती फ्रीसर्फरच्या एकाच आवृत्तीतून आणि एकाच संगणक-प्रणालीवर काढाव्यात; या दोन्ही गोष्टी बदलल्या की आकडे बदलतात, हे एड ग्रोनेनशिल्ड यांच्या गटाने २०१२ साली दाखवून दिले आहे. दुरुस्तीपूर्वीच्या जाळीचा ऑयलर अंक (जाळीत भोके किती आहेत ते त्यावरून कळते) पाहून कोणत्या प्रतिमा संशयास्पद आहेत ते आधी ठरवता येते, कारण हालचालीने खराब झालेल्या प्रतिमेत जाळीला भोके जास्त पडतात. रुग्णांची हालचाल निरोगी गटापेक्षा बहुधा अधिक असते, तेव्हा हा अंक दोन गटांत वेगळा आहे का ते तपासून पाहा. शंखभागाची (कानांजवळच्या भागाची) टोके आणि डोळ्यांच्या खोबणीवरचा भाग मात्र डोळ्यांनीच तपासावा. तिथे व्हाइट पृष्ठभाग आखूड पडलेला असतो आणि कोणताही एक अंक ते सांगत नाही.

भारतीय व्यक्तींसाठी एफएसअ‍ॅव्हरेज चालेल का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ साली १०० भारतीय तरुणांच्या प्रतिमांवरून सरासरी मेंदूचा साचा तयार केला, आणि त्यात भारतीय मेंदू सरासरीने पाश्चात्त्य साच्यांहून लहान भरला. घनफळाच्या जुळवणीत ही बाब जाणवते. इथे मात्र जुळवणी गोलावर, घड्यांच्या आकृतिबंधावरून होते. त्यात आकारमान आधीच बाजूला पडलेले असते, आणि क्षेत्रफळ तुमच्या व्यक्तीच्या स्वतःच्या पृष्ठभागावर मोजून मगच साच्यावर वाटले जाते. दोन्ही गट एकाच साच्यावर नेत असाल तर एफएसअ‍ॅव्हरेज वापरायला हरकत नाही. परीक्षकाने हा मुद्दा काढलाच, तर सर्व ८० व्यक्तींपासून स्वतःचा साचा बनवून निकाल तोच राहतो का ते परिशिष्टात दाखवता येईल.